वस्तीची कैफियत : प्रस्तावना

पुण्यात १८९७ साली प्लेगने कहर मांडला, तेव्हा त्या रोगाशी झुंजण्याचे दोन मार्ग एकाच शहरात, जवळजवळ एकाच ऋतूत, लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पहिला मार्ग सरकारचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला होता. त्याने मिळालेल्या अधिकारांच्या बळावर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अंमलाखालील प्लेग समितीने गोऱ्या शिपायांना घरोघर झडतीला पाठविले, आणि रोग्याला हुडकून छावणीत नेण्याच्या त्या बंदोबस्तात देवघराचा, माजघराचा, बायामाणसांच्या अब्रूचा किंवा घरातल्या चीजवस्तूचा मुलाहिजा राहिला नाही. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला हे मराठी वाचकास सांगण्याचे कारण नाही. दुसरा मार्ग मात्र पुष्कळ दिवस आपल्या इतिहासाच्या समासातच राहिला. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र यशवंत हे डॉक्टर होते. त्यांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या माळावर, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला, आणि वयाची पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई ठिकठिकाणचे रुग्ण स्वतः तिथे पोहोचवू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी असेच दवाखान्यात आणले, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

रोग्याला निराळे ठेवावे आणि त्याच्यावर उपचार करावेत हा हेतू दोन्ही ठिकाणी एकच होता. भेद होता तो दाराशी कोण येऊन उभे राहिले याचा. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्याच महिन्यात, २९ ऑक्टोबरला, गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयावर चाल केली. ती माणसे अडाणी होती म्हणून औषधाला भ्याली, असे त्या काळच्या दप्तरांत लिहिलेले सापडते. मला ते खरे वाटत नाही. आत गेलेला आपला माणूस परत येत नाही, त्याला काय झाले ते कोणी सांगत नाही, त्याच्या देहाची विटंबना होत असावी, अशी धास्ती ज्यांच्या मनात बसली होती, त्यांना त्या इमारतीत ओळखीचा एकही चेहरा नव्हता. औषधापूर्वी विश्वास लागतो आणि विश्वास हुकमाने उत्पन्न होत नाही, ही गोष्ट सावित्रीबाईंना कोणी शिकवावी लागली नाही. ज्या वाड्यावस्त्यांतून त्यांनी शाळा चालविल्या, त्या वस्त्यांतील माणसे त्यांच्या पाठोपाठ दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली.

शहरांतील वंचित वस्त्यांत स्वयंसेवकांनी चालविलेले दवाखाने हा या संग्रहाचा विषय आहे, आणि त्याची वंशावळ मी त्या माळावरून मोजतो. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, वैद्यकीय विद्यार्थी आणि वस्तीतीलच स्त्रीपुरुष यांनी मोबदल्याची अपेक्षा न धरता, आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी किंवा रविवारी, समाजमंदिरात, बालवाडीच्या खोलीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर अगर मशिदीलगतच्या दालनात चालविलेल्या या दवाखान्यांवर पुढील पानांतून ज्यांनी लिहिले आहे, ते बहुतेक तिथे प्रत्यक्ष काम केलेले लोक आहेत. त्यांच्या अनुभवाच्या आधी प्रस्तावनाकाराने फार बोलू नये. परंतु त्या अनुभवांना ज्या परिस्थितीची पार्श्वभूमी आहे ती नीट मांडल्यावाचून हे लेखन केवळ परोपकाराच्या कथा म्हणून वाचले जाण्याचा संभव आहे, आणि तसे झाले तर लेखकांवर व त्याहून अधिक त्या रुग्णांवर अन्याय होईल.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि तिच्यातील सुमारे ५२ लाख माणसे, म्हणजे शंभरातील जवळजवळ बेचाळीस, झोपडवस्त्यांत राहत होती. एवढ्या माणसांचे आयुष्य उरलेल्या शहराच्या आयुष्याहून कोणत्या अर्थाने निराळे असते, याचे प्रत्यंतर २०२० च्या जुलैमध्ये आले. कोरोनाच्या त्या पहिल्या लाटेत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांना व्यापणाऱ्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी केली, तेव्हा झोपडवस्त्यांतील शंभरापैकी सुमारे ५७ माणसांच्या शरीरात विषाणू येऊन गेलेला आढळला. त्याच प्रभागांतील इतर इमारतींत हे प्रमाण १६ होते. विषाणू एकच, शहर एक, नळाचे पाणी पुरविणारी महापालिका एक, आणि अंतर एका रस्त्याचे. घरातल्या घरात अंतर राखण्याचा जो उपदेश त्या दिवसांत अहोरात्र होत होता, तो शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या सहासात माणसांनी कसा पाळावा, आणि शौचालयासाठी जिथे शंभर माणसे एकाच रांगेत उभी राहतात तिथे रांगेबाहेर राहावे कसे, याचे उत्तर उपदेशकांपाशी नव्हते.

एम-पूर्व प्रभागाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी, आणि शहराचा कचरा १९२७ पासून जिथे पडत आला ती देवनारची कचराभूमी, हे सर्व या एका प्रभागात येते. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहराच्या सर्व प्रभागांत याचा क्रमांक शेवटचा लागला. याच प्रभागात, रस्तारुंदी आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठविलेल्या कुटुंबांना पक्की घरे दिली गेली. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाची प्रकृती सुधारावी अशी आपली साहजिक समजूत असते. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन वसाहतींनी ती समजूत खोटी ठरविली. तेथील इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभारल्या आहेत की दोहोंमध्ये जेमतेम तीन मीटरांची फट राहते, खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात, आणि खिडकी उघडली तर वाऱ्याऐवजी समोरच्या घरातला धूर व दुर्गंध येतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासकांनी घरोघर फिरून केलेल्या पाहणीत या वसाहतींतील क्षयाचे प्रमाण, अधिक मोकळी जागा सोडून बांधलेल्या शेजारच्या वसाहतीच्या मानाने, कितीतरी पट अधिक निघाले, आणि खालच्या मजल्यांवर ते विशेष होते. येथे रोगाचे बीज जंतूत आहे हे खरेच. परंतु त्या जंतूला घर करून देणारा नकाशा कोणाच्या तरी सहीने मंजूर झालेला होता.

मग या माणसांना उपचार मिळत नाहीत काय? मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न विचारला की लोक मोठ्या रुग्णालयांकडे बोट दाखवितात, आणि ते बोट अस्थानी नाही. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून, आणि त्याच्या जोडीने नायर, शीव, कूपर ही महापालिकेची रुग्णालये, देशभरातून आलेल्या गरिबांना ज्या निष्ठेने सांभाळीत आली आहेत तिला तोड नाही. परंतु आजारी माणसाला आधी रुग्णालय लागत नाही. त्याला घराजवळ, त्याच्या सवडीच्या वेळी, त्याची भाषा समजणारा कोणीतरी जाणता माणूस लागतो. १९४६ साली भोर समितीने, पैसे देण्याची ऐपत असो वा नसो, कोणीही नागरिक वैद्यकीय सेवेवाचून राहू नये असे तत्त्व मांडले. स्वातंत्र्यानंतर त्याला अनुसरून खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची रचना तरी कागदावर आणि काही अंशी जमिनीवर उभी राहिली. शहरातील गरिबासाठी तशी रचना बराच काळ कोणी योजिलीच नाही, कारण शहरात रुग्णालये आहेत हे गृहीत धरले गेले. १९८०नंतर जी आरोग्य केंद्रे वस्त्यांत निघाली त्यांचे मुख्य लक्ष कुटुंबनियोजन आणि लसीकरण यांवर राहिले. खोकला, ताप, रक्तदाब, मधुमेह घेऊन येणाऱ्या माणसाला तिथून पुढे पाठविले जाई. दवाखाने उघडे असत ते सकाळी, म्हणजे बिगारी नाक्यावर उभा असतो, घरकाम करणारी बाई चौथ्या घराची भांडी घासत असते, आणि रिक्षावाल्याची पाळी चालू असते त्या वेळी.

या ठिकाणी क्षणभर थांबणे अवश्य आहे, कारण गरीब माणूस औषधाकडे दुर्लक्ष करतो असा जो आरोप सुस्थित समाजात नेहमी ऐकू येतो त्याचा उगम नेमका इथे आहे. रोजावर काम करणाऱ्या माणसाने मोठ्या रुग्णालयात जायचे ठरविले की पहाटे निघून केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, डॉक्टरसमोर दोन मिनिटे बसायचे, रक्ताच्या तपासणीसाठी दुसरी रांग, छातीच्या फोटोसाठी दुसऱ्या दिवशीची तारीख, आणि त्याच्या अहवालासाठी तिसरी खेप. खाडा झाला की मजुरी बुडते, आणि दोन खाडे झाले की कामच दुसऱ्याला मिळते. त्याच्यापुढे हिशेब उघड असतो : आज उठता येते आहे तोवर दुखणे अंगावर काढायचे. जेव्हा उठवत नाही तेव्हा तो गल्लीच्या तोंडावरल्या डॉक्टरकडे जातो आणि सुई मागतो, अशक्त वाटत असेल तर सलाईनची बाटली लावायला सांगतो. सुशिक्षित माणूस या मागणीला अंधश्रद्धा म्हणतो. मला तिच्यात उद्याच्या रोजाची चिंता दिसते. ज्याला सकाळी सहाला नाक्यावर पोहोचायचे आहे तो पाच दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला घेऊन काय करणार?

वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसाखाणीच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लॅन्सेट या नियतकालिकात असा सिद्धांत मांडला की ज्या लोकसमूहाला चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती मिळण्याचा संभव सर्वांत कमी असतो, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या स्वाधीन होते तसतसा हा नियम अधिक कठोरपणे लागू पडतो. आमच्या वस्त्यांत हा नियम कसा प्रत्ययास येतो ते क्षयाच्या उपचारांवरून पाहावे. धारावीतील खाजगी डॉक्टरांनी क्षयाच्या रोग्याला कोणती औषधे लिहून दिली असती हे डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने विचारून पाहिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभराच्या आसपास डॉक्टरांनी ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना सांगितल्या. वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच चौकशी पुन्हा केली तेव्हा १०६ डॉक्टरांनी मिळून ६३ योजना लिहून दिल्या आणि त्यांतील सर्वार्थाने बिनचूक अशा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. क्षयाच्या चुकीच्या औषधाने रोगी बरा होत नाही एवढेच होत नाही. त्याच्या शरीरातील जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तसेच ते शेजाऱ्याच्या छातीत जातात. या डॉक्टरांना दुष्ट ठरविण्याची माझी तयारी नाही. ते वस्तीत राहिले, रात्रीअपरात्री उठले, उधारीवर औषधे दिली. कोरोनाच्या दिवसांत धारावीच्या गल्ल्यांतून तापाच्या रोग्यांची तपासणी करायला महापालिकेबरोबर हेच डॉक्टर बाहेर पडले. परंतु त्यांच्या ज्ञानात भर घालण्याची तजवीज कोणी केली नाही, आणि त्यांची मिळकत रोग्याचे समाधान एका भेटीत करण्यावर अवलंबून राहिली.

अशा पोकळीत स्वयंसेवकांचा दवाखाना उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. खोलीच्या दाराशी वस्तीतलीच एखादी बाई नोंदवही घेऊन बसते, नाव, वय, गल्ली, काम आणि तक्रार लिहून घेते. आत दोन टेबलांवर डॉक्टर असतात, कोपऱ्यात रक्तदाब आणि साखर पाहण्याची सोय, भिंतीलगतच्या कपाटात स्वस्त पण प्रमाणित औषधे. आतल्या डॉक्टरांचे महत्त्व मी कमी करीत नाही, तरीही माझ्या मते या दवाखान्याचा प्राण दाराशी बसलेल्या त्या बाईत असतो. अंगावरून पांढरे जाते हे बाई पुरुष डॉक्टरला सांगणार नाही, कित्येकदा स्त्री डॉक्टरलाही सांगणार नाही, पण दाराशी बसलेल्या या मावशींच्या कानाशी सांगेल. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो आणि म्हणून तिच्या हातावरची जखम बरी होत नाही, कोण गोळ्या अर्ध्या करून दोघांत वाटून घेते, कोणाच्या खोकणाऱ्या सासऱ्याने क्षयाची औषधे चौथ्या महिन्यात सोडली, हे तिला ठाऊक असते, आणि या ज्ञानावाचून आत लिहिलेले प्रिस्क्रिप्शन निष्फळ ठरते. जामखेड परिसरात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर, ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून जे सिद्ध केले, ते शहरी वस्तीलाही लागू पडते हे पुढे अनेकांनी दाखविले. शीव रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विभागाची धुरा वाहणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी, धारावीतून येणारी अर्भके रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच खालावलेली असतात हे वर्षानुवर्षे पाहून, १९९९ साली स्नेहा ही संस्था काढली आणि काम रुग्णालयाबाहेर, थेट गल्लीत नेले. वस्तीतल्या स्त्रिया हा त्या कामाचाही आधार झाला.

मघाशी ज्या नोंदवहीचा उल्लेख केला तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. या संग्रहातील लेखांतून मला जे एक सूत्र दिसले ते तिच्यातच आहे. डॉक्टरसमोर एक एक माणूस येतो आणि त्याचे दुखणे त्याचे एकट्याचे असते. पण सहा महिन्यांची नोंदवही घेऊन गल्लीगणिक रकाने पाडले की एका गल्लीत अतिसाराची मुले वारंवार येतात, दुसऱ्या गल्लीत कातडीचे विकार, तिसऱ्या इमारतीच्या खालच्या दोन मजल्यांवर खोकला, असे चित्र उमटू लागते, आणि त्या क्षणी दुखणे खाजगी राहत नाही. ती साऱ्या वस्तीची कैफियत होते. मुंबईत १ जानेवारी १९९५ नंतर वसलेल्या झोपड्यांना नळाची जोडणी द्यावयाची नाही असा शिरस्ता राज्य शासनाच्या १९९६ च्या परिपत्रकापासून रूढ झाला. त्याचा परिणाम म्हणून हजारो कुटुंबे टँकरचे, चोरट्या जोडणीचे, गटारालगतच्या नळीतून आलेले पाणी चढ्या भावाने विकत घेत राहिली. त्यांच्या मुलांच्या जुलाबांवर मीठसाखरेचे पाणी आणि जस्ताच्या गोळ्या द्याव्यात हे वैद्यकशास्त्र सांगते, आणि दवाखान्याने ते द्यावेच. पण तेच मूल पंधरवड्यात पुन्हा दारात उभे राहते तेव्हा त्याच्या रोगाचे मूळ परिपत्रकात आहे हे ज्याला दिसत नाही त्या डॉक्टरचे निदान अपुरे आहे. पाणी हक्क समितीने हा प्रश्न न्यायालयात नेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, घर बेकायदा असले म्हणून त्यातील माणसाला पाणी नाकारता येत नाही, पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. शहराच्या आरोग्याच्या इतिहासात त्या निकालाची योग्यता एखाद्या नव्या औषधाच्या शोधाइतकी आहे असे मी मानतो.

दवाखान्यातून कैफियतीकडे जाण्याची ही वाट आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या नाना पेठेत डॉ. बाबा आढाव दवाखाना चालवीत असत. तिथे येणाऱ्या हमालांची पाठ आणि छाती औषधाने तात्पुरती बरी होई आणि दुसऱ्या दिवशीच्या पोत्याखाली पुन्हा दुखू लागे. त्या हमालांच्या संघटनेचा इतिहास आणि पोत्याचे वजन आटोक्यात आणावे म्हणून हमाल पंचायतीने चालविलेला दीर्घ लढा महाराष्ट्राला परिचित आहे. घाटकोपरच्या पंतनगरात डॉक्टरकी करणाऱ्या दत्ता सामंतांकडे जवळच्या दगडखाणींतील मजूर जखमा आणि आजार घेऊन येत, आणि त्यांच्यासाठी भांडता भांडताच ते कामगारांचे पुढारी झाले. त्यांच्या पुढल्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्याचा आरंभ तपासणीच्या टेबलावर झाला होता. समुद्रापलीकडचे एक उदाहरण मराठी वाचकाला निराळ्या कारणाने जवळचे वाटेल. अमेरिकेतील ओकलंड येथे १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून मुंबईत १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले. तो अमेरिकी पक्ष बंदुकीसाठी गाजला; पण १९७० साली त्याने आपल्या प्रत्येक शाखेने वस्तीत मोफत दवाखाना चालविलाच पाहिजे असा दंडक घातला होता, आणि काळ्या लोकांत विशेष आढळणाऱ्या, परंतु वैद्यकीय संशोधनाने उपेक्षिलेल्या सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी त्याचे कार्यकर्ते रस्त्यारस्त्यांवर करीत होते. पँथरचे साहित्य आणि त्याचा विद्रोह मराठीत आला, रुजला, बहरला. दवाखान्याची ती परंपरा मात्र तितकीशी आली नाही याची मला खंत आहे. हाच सिकलसेल विदर्भातील दलित व आदिवासी कुटुंबांना पिढ्यानपिढ्या छळीत असताना ती अधिकच वाटते.

स्वयंसेवी दवाखान्यांची स्तुती करणाऱ्याने त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, आणि या संग्रहातील लेखकांनी ते लपविलेले नाहीत. दर रविवारी नवा डॉक्टर बसला तर रक्तदाबाच्या रोग्याला दर रविवारी नवी गोळी मिळते. जुनाट आजाराला सातत्य लागते आणि सवडीने दिलेल्या वेळात सातत्य टिकविणे हीच सर्वांत कठीण गोष्ट असते. दानात आलेली, मुदत संपत आलेली औषधे गरिबाला चालतात ही समजूत अपमानास्पद आणि धोक्याची आहे. विद्यार्थ्यांनी शिकावे, पण अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीवाचून त्यांनी गरिबाच्या शरीरावर हात साफ करून घेऊ नये. केलेल्या उपचाराचा कागद रोग्याच्या हाती असलाच पाहिजे, म्हणजे उद्या तो मोठ्या रुग्णालयात गेला तर त्याची कहाणी पुन्हा आरंभापासून सुरू होणार नाही. आणि ज्या दिवशी सेवा करणाऱ्याला आपण उपकार करतो असे वाटू लागेल, त्या दिवसापासून रुग्ण खरे सांगेनासा होईल.

याहून मोठा धोका निराळाच आहे. वस्तीत चांगल्या माणसांचा दवाखाना चालला की महापालिकेला आणि शासनाला आपली जबाबदारी हलकी झाल्यासारखी वाटू लागते. आरोग्यसेवा हे राज्याचे कर्तव्य आहे. स्वयंसेवकाने त्या कर्तव्याची वाट दाखवावी, त्यातील उणीव आज भरून काढावी, पण राज्याला त्यातून मुक्त करू नये. मुंबईत २०२२ पासून महापालिकेने वस्त्यांत ‘आपला दवाखाना’ या नावाने जी केंद्रे उघडली त्यांचे वैशिष्ट्य हेच की ती संध्याकाळनंतर, कामकरी माणूस घरी परतल्यावरही उघडी राहावीत अशी योजना झाली. स्वयंसेवक वर्षानुवर्षे जे सांगत आले ते यंत्रणेने मान्य केले ही आनंदाची गोष्ट आहे. आता तिथे डॉक्टर पूर्ण वेळ असतो का, औषध कपाटात असते का, हे पाहणे उरते. त्याच वर्षीच्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला आणि बालके दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत राहून गेलेले लसीकरण, मुलांचे कुपोषण आणि दाटीवाटी या तिन्हींचा तो परिणाम होता, आणि लसीविषयी साशंक झालेल्या घरांची दारे वस्तीतल्या ओळखीच्या स्त्रियांच्या हाकेवरच उघडणार होती. महापालिकेच्या वतीने घरोघर फिरून क्षयाचे रोगी शोधणाऱ्या, गर्भवतींची नोंद ठेवणाऱ्या, लसीकरणाला मुले आणणाऱ्या या आरोग्यसेविकांना दशकानुदशके तुटपुंज्या मानधनावर राबवून घेतले गेले आणि हक्काच्या वेतनासाठी त्यांना आझाद मैदानात बसावे लागले. ज्याचे पोट भरलेले आहे त्या डॉक्टरने रविवार विनामूल्य द्यावा हे भूषण आहे. वस्तीतल्या गरीब बाईकडून रोजचे काम विनामूल्य किंवा नाममात्र मोबदल्यात करवून घेणे ही पिळवणूक आहे, मग ते करणारी संस्था सरकारी असो की सेवाभावी.

या संग्रहाच्या वाचकांत डॉक्टर असतील, तर त्यांना माझी विनंती आहे की आठवड्यातील एक संध्याकाळ एकाच वस्तीला, निदान दोन-तीन वर्षे, त्यांनी न चुकता द्यावी, आणि तिथल्या नोंदवहीतील आकडे वर्षातून एकदा आपल्या प्रभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी रुजू करावेत. जे डॉक्टर नाहीत त्यांनी आपल्या प्रभागातील सरकारी दवाखाना किती वाजता उघडतो आणि किती वाजता बंद होतो, तिथे रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या मिळतात की नाही, आणि लगतच्या वस्तीत पाणी दिवसातून किती वेळ येते, एवढे स्वतः जाऊन पाहावे, आणि उणीव आढळली तर निवडून दिलेल्या नगरसेवकाला तिचा जाब विचारावा.